आपल्या नावाची राखण

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या प्रबोधन कार्यक्रमातील भाषण)



मी वकील नाही आणि संगणकातला जाणकारही नाही. सूतगिरणीत मशीनवर उभा राहणारा कामगार आहे. रविवारी विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. त्यातून जे पाहिले आणि जे वाचले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे. विषय आहे आपल्या कागदपत्रांची आणि आपल्या नावाची चोरी.

हा विषय काढला की आपली माणसे हसतात. म्हणतात, "भाऊ, आमच्यापाशी हाये काय? चोर काय नेईन?" बंधूंनो, गैरसमज इथेच आहे. श्रीमंताकडून चोर पैसा नेतो, गरिबाकडून नाव नेतो. आपले आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, अंगठा, फोटो आणि सही एवढ्यावर दुसराच माणूस 'तुम्ही' बनून उभा राहतो. पैसा तो उचलतो आणि पोलीस आपल्या दारात येतात.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते, त्या काळात, १९४४ साली, दलित विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची सुरुवात झाली. त्या शिष्यवृत्तीवर आपल्या समाजात कितीतरी मुले शिकली. त्याच शिष्यवृत्तीत २०१४-१५ च्या सुमारास गडचिरोलीकडे मोठा घोटाळा उघडकीस आला. संस्थाचालकांनी अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांचे दाखले आणि फोटो गोळा केले आणि कागदावर त्यांना प्रवेश दिला. मुले वर्गात बसलीच नाहीत, पण त्यांच्या नावावरची रक्कम उचलली गेली. हे लोण राज्यभर असल्याचे दिसले, तेव्हा २०१६ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. आता विचार करा, त्यातल्या एखाद्या मुलाने पुढे खरोखरच प्रवेश घेतला आणि 'तुझ्या नावावर लाभ आधीच दिलेला आहे' असे उत्तर मिळाले, तर त्याने कोणाकडे जावे? चोरी सरकारच्या तिजोरीतून झाली हे खरे, पण ती झाली आपल्या पोरांच्या नावाने.

दुसरी गोष्ट २०२४ सालची. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू होते. खारघरच्या एका भगिनीने अर्ज भरायला घेतला, तर तिच्या आधार क्रमांकावर कोणीतरी आधीच अर्ज भरलेला निघाला. धागा थेट सातारा जिल्ह्यात पोहोचला. तिथल्या एका माणसाने आपल्याच बायकोचे वेगवेगळ्या पेहरावातले फोटो आणि परक्या बायांचे आधार क्रमांक लावून तीसच्या आसपास अर्ज भरले, असे पोलिसांना आढळले. खरी हक्कदार बाई बाहेर राहिली आणि तिच्या नंबरवर दुसऱ्याचे काम झाले.

तिसरी गोष्ट मालेगावची, तीही २०२४ ची. गरीब तरुणांना नोकरी देतो म्हणून आधार, पॅन आणि सह्या घेतल्या. त्यांच्या नावाने एका सहकारी बँकेत खाती उघडली आणि त्यांतून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरवली, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. ज्यांच्या खिशात बसभाड्याचे पैसे नव्हते, त्यांच्या नावावर कोट्यवधींचा व्यवहार! म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे. "खाते भाड्याने दे, महिन्याचे दोन-चार हजार देतो" असे कोणी म्हटले, तर त्या खात्यातून लुटीचा पैसा जाणार हे समजून घ्या. खाते तुमचे, म्हणजे जबाब तुमचा.

आता अंगठ्याकडे येतो. आपल्या आज्या-पणज्यांनी वाचता येत नसलेल्या कागदावर अंगठे दिले आणि जमिनी गेल्या. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे गावापासून शेतकऱ्यांनी सावकाराच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले. त्यानंतर १८७९ साली सरकारला कायदा करावा लागला, की शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे झाला पाहिजे. पुढे आपण शिकलो, सही करायला लागलो आणि अंगठ्याची लाज वाटू लागली. आता तोच अंगठा मशीन होऊन परत आला आहे. रेशनला अंगठा, सिमकार्डाला अंगठा, पैसे काढायला अंगठा. फरक एवढाच, की कागद निदान डोळ्यांना दिसत होता. मशीनच्या पोटात काय लिहिले ते शिकलेल्यालाही दिसत नाही.

या अंगठ्याचीही नक्कल होते. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उतरवून त्यांचे रबरी ठसे केले आणि परक्यांच्या नावावर सिमकार्डे चालू केली. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून त्याची राखण जास्त.

मग करायचे काय? आधार फाडून फेकायचे काय? नाही. आपल्याला रेशन पाहिजे, शिष्यवृत्ती पाहिजे, पेन्शन पाहिजे. कागद द्यावा लागतो. पण तो आंधळेपणाने देऊ नये. घरी जाऊन पाळता येतील अशा काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा: कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख, आणि मग सही. नुसती सही केलेली झेरॉक्स म्हणजे कोरा चेक समजा. मूळ कागद कोणाकडे ठेवू नका, मग तो ठेकेदार असो, एजंट असो की ओळखीचा पुढारी असो. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेली प्रत तिथे टाकून येऊ नका, फाडून टाका.

दुसरी गोष्ट, ओळख म्हणून आधार मागितले तर चालेल तिथे झाकलेला आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तो आधारच्या वेबसाइटवरून फुकट निघतो.

तिसरी गोष्ट, अंगठ्याला कुलूप लावता येते. आधारच्या मोबाइल ॲपवरून बायोमेट्रिक लॉक होते आणि आपणच ते पुन्हा उघडू शकतो. मात्र ज्या म्हाताऱ्यांना रेशन अंगठ्यावर मिळते, त्यांना त्या वेळी ते उघडावे लागेल, हे घरातल्या पोरांनी ध्यानात ठेवावे. अडचण आली तर आधारचा फोन नंबर १९४७ आहे. स्वातंत्र्याचे साल, विसरायचे काम नाही.

चौथी गोष्ट, अंगठ्यावर पैसे काढताना "लागला नाही, पुन्हा लावा" असे म्हटले तर आधी पावती आणि मोबाइलवरचा संदेश पाहा. दोनदा अंगठा लावून दोनदा पैसे काढल्याचे प्रकार झाले आहेत.

पाचवी गोष्ट, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे 'संचार साथी' या सरकारी वेबसाइटवर दिसते. जे आपले नाही त्याची तक्रार तिथेच करता येते. जुना नंबर सोडला तर बँकेतून तो आधी काढून घ्या, कारण काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो.

सहावी गोष्ट, आपल्या नावावर कोणी कर्ज घेतले काय हे सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट पाहता येते. जो कधी कर्ज घेत नाही त्यानेही पाहावे.

आणि सातवी, मोबाइलवर आलेला ओटीपी बँकेच्या साहेबालाही सांगायचा नाही. खरा साहेब तो मागतच नाही. तरी फसगत झालीच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० नंबरवर फोन करा, बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही असा प्रकार असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून उशीर करू नये.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही माहीत असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी प्रमाणे दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या संविधानातल्या कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात आपली माहितीही येते. २०१८ च्या निकालात त्याच न्यायालयाने शाळेच्या प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. तेव्हा कोणी कागद मागितला तर "कायले पाहिजे साहेब?" असे विचारणे उद्धटपणा नव्हे, तो नागरिकाचा अधिकार आहे. दुसऱ्या शीलात आपण न दिलेले घेणार नाही असे म्हणतो. आपले न दिलेले कोणी घेत असेल तर त्याला अडवणेही आलेच.

शेवटी एक विनंती करतो. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार विहारात द्यावा. म्हाताऱ्या माणसांची सिमकार्डे, खाती आणि अंगठ्याचे कुलूप तपासून द्यावे. पण त्यांचे नंबर आपल्या वहीत उतरवून घेऊ नयेत. काम त्यांच्यासमोर करावे आणि कागद त्यांच्या हातात परत द्यावा. समितीने याला मान्यता दिली तर पुढच्याच महिन्यापासून सुरुवात करू. पहिल्या रविवारी मी स्वतः टेबल-खुर्ची लावून बसतो.



जयभीम! नमो बुद्धाय!