गॅस आला, पण धूर का गेला नाही?

दुपारची धुणीभांडी उरकून कुणी निवडणं घेऊन बसल्या असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि आमचं ऐका. आज आम्ही गटाच्या हिशेबाबद्दल किंवा कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय आपल्या स्वयंपाकघरातल्या धुराबद्दल.

आमच्या गटात एक काकू आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांनी सांगा म्हटलं, म्हणून त्यांची गोष्ट सांगतो. गावच्या महिला भजनी मंडळात चाल लावायची ती काकूंनीच. आवाज असा की पारावर बसलेल्या माणसालाही स्पष्ट ऐकू यावा. तीन हिवाळे झाले, त्यांना खोकला लागला. आधी काढा झाला, मग मेडिकलमधून बाटली आली, मग दृष्ट काढून झाली. शेवटी पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन घरची तीन पायऱ्यांची चढण चढताना दम लागायला लागला, तेव्हा आम्ही दोघीजणी त्यांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "मावशी, बिडी ओढता का?"

काकू रागावल्याच. म्हणाल्या, "मी माळकरी बाई. बिडीला हात लावला नाही कधी."

मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "स्वयंपाक कशावर करता?"

एका यंत्रात जोरानं फुंकायला लावून त्यांनी काकूंचा श्वास मोजला. निघालं ते दम्यासारखंच, पण दमा नव्हे. त्याला सीओपीडी म्हणतात. फुप्फुसातल्या श्वासाच्या नळ्या वर्षानुवर्षं सुजून अरुंद होतात. डॉक्टर म्हणाले, पंप वापरा, धुरापासून लांब राहा, म्हणजे दुखणं वाढायचा वेग कमी होईल. पण गेलेला श्वास पुरता परत येत नाही.

परत येताना एस.टी.त आम्ही गप्पच होतो. कारण मैत्रिणींनो, काकूंच्या घरात गॅस आहे. चांगला सात वर्षांपासून आहे.

पुढच्या बैठकीत आम्ही वहीची मागची पानं काढली आणि एक साधा तक्ता केला. आम्ही बाराजणी. त्यातल्या अकराजणींकडे गॅस. मग एकेक काम विचारत गेलो. चहा कशावर? अकराही जणी म्हणाल्या, गॅसवर. डाळ, भाजी कशावर? सहाजणी गॅसवर. भाकरी? फक्त दोघी. अंघोळीचं पाणी? एकही नाही. सगळ्यांचं चुलीवर, आणि आठजणींची ती चूल घरातच, स्वयंपाकाच्या खोलीत.

तेव्हा आमच्या लक्षात आलं की गॅस घरात आला, पण तो चहापुरता. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा धूर होता तिथंच आहे.

हा धूर म्हणजे नुसतं डोळ्यांतून पाणी येणं नव्हे. आपल्याला दिसते ती काजळी. न दिसणारे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल उतरतात. कर्क स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढं बसणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्र बांधून हा धूर मोजला होता. त्याचा अभ्यास १९८३ साली छापून आला. म्हणजे ही गोष्ट जगाला माहीत होऊन चाळीस वर्षं झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळं जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. चुलीजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? आपण, आणि आपल्या मांडीवरची लेकरं. लहान मुलांना या धुरानं न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो, बायकांना मोतीबिंदूचा. गरोदर बाईच्या पोटातलं बाळ कमी वजनाचं होऊ शकतं.

मग गॅस असून आपण चूल का सोडत नाही? आम्ही एकमेकींना खरं खरं बोलायला लावलं.

पहिलं कारण पैसा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. जोडणी बाईच्या नावावर मिळाली, याचा आम्हाला आनंदच आहे. पण टाकी संपली की ती भरायचा पैसा बाईच्या हातात असतोच असं नाही. सरपण रानातून येतं, ते फुकट वाटतं. त्यासाठी गेलेला दिवस आणि वाकलेली कंबर कुणी हिशेबात धरत नाही.

दुसरं कारण चव. "चुलीवरच्या भाकरीची सर गॅसला नाही," हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आपणही म्हणतो. हायवेवरच्या ढाब्यांवर आता ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या लागल्यात. शहरातला माणूस महिन्यातून एकदा येतो, बोटं चाटतो आणि जातो. चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेली बाई मात्र तो धूर रोज खाते.

तिसरं कारण ऐकून तुम्हाला हसू येईल. दोघीतिघी म्हणाल्या, "गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस धरतो." नाही हो मैत्रिणींनो. टाकीतला गॅस बर्नरवर जळून जातो, तो भाजीत उतरत नाही. नावं सारखी आहेत, एवढंच.

आणि चौथं कारण सवय. पहाटे उठायचं, अंगण झाडायचं, चूल पेटवायची, पाणी ठेवायचं. हात आपोआप तिकडं जातात. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या ते खरं आहे. धूर कमी करायच्या गोष्टी याआधीही गावात आल्या होत्या. सरकारच्या योजनेतून धुराडं असलेली निर्धूर चूल आली. वर्षभर सगळ्यांना बरं वाटलं. मग धुराड्यात काजळी साचली, ती कुणी काढली नाही, धूर उलटा घरात यायला लागला. एक दिवस सासऱ्यांनी ते धुराडं पाडलं आणि त्या जागेवर कोनाडा केला. वस्तू चांगलीच होती. तिच्याभोवतीची सवय बदलली नाही, म्हणून वस्तू गेली.

हे डोक्यात ठेवून आम्ही ठरवलं की चूल उद्यापासून बंद असली मोठी शपथ घ्यायची नाही. एकेक काम चुलीवरून उतरवायचं.

सुरुवात केली अंघोळीच्या पाण्यापासून, कारण सगळ्यात जास्त जाळ त्यालाच लागतो. ते काम गॅसवर न्यायचं म्हटलं तर टाकी पंधरा दिवसही पुरणार नाही. म्हणून आम्ही पाण्याची चूल घराबाहेर काढली. परसात तीन बाजूंनी मोकळी जागा, वर जुना पत्रा, तिथं चूल किंवा बंब. सरपण पावसात भिजू नये म्हणून त्याच पत्र्याखाली रचायचं, कारण ओलं लाकूड दुप्पट धूर करतं. उन्हाळ्यात तर काळ्या रंगाच्या पिंपात पाणी भरून उन्हात ठेवलं तरी संध्याकाळी कोमट मिळतं. आठपैकी सहाजणींच्या चुली दिवाळीआधी बाहेर गेल्या. खर्च म्हणावा तर पत्रा आणि दोन बांबू.

त्याबरोबरच एक वाईट सवय सोडली. चूल पेटवायला आपण प्लास्टिकची पिशवी, तुटकी चप्पल, टायरचा तुकडा सर्रास घालतो. भुर्रकन पेटतं म्हणून. त्यातून निघणारा धूर लाकडाच्या धुराहून विषारी असतो. त्याऐवजी वाळकी करवंटी, चिपाड, पाचट वापरा.

दुसरं काम डाळभाताचं. टाकी पुरवून वापरायची तर कुकर हवाच, आणि कुकर वापरायची रीतही हवी. आपण शिट्ट्या मोजतो. चार शिट्ट्या, पाच शिट्ट्या. प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ आणि आपला पैसा बाहेर जातो. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ बघा. डाळ आधी तासभर भिजवा, कडधान्य रात्रीच भिजत घाला. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, वर भात असे डबे लावा. भाजीवर झाकण ठेवा. टाकी लावली की कॅलेंडरवर तारखेला गोल करा, म्हणजे किती दिवस पुरली ते कळतं. आमच्या एका मैत्रिणीची टाकी चाळीस दिवस जायची, ती आता पन्नासच्या पुढं जाते.

तिसरं, पैशाची सोय. आम्ही गटात टाकीची पेटी सुरू केली. दर आठवड्याला प्रत्येकीचे ५० रुपये, बाराजणींचे महिन्याला २,४००. जिची टाकी संपेल तिनं पेटीतून पैसे घ्यायचे आणि दोन महिन्यांत हप्त्यानं परत करायचे. व्याज नाही. टाकी संपलीय आणि पैसे नाहीत म्हणून चुलीकडं वळायची वेळ आता येत नाही. गॅसवरच्या अनुदानाचे किंवा मोफत टाकीचे पैसे आपल्या खात्यावर येतात का, हेही पासबुक भरून बघा. खातं आपलं, तर नजरही आपलीच हवी.

भाकरी मात्र अजून सगळ्यांची गॅसवर गेलेली नाही, हे कबूल करतो. जिथं घरचे ऐकत नाहीत तिथं भाकरीची चूलही बाहेरच्या पत्र्याखाली गेलीय. आमच्या एका मैत्रिणीनं मात्र युक्ती केली. आठ दिवस कुणाला न सांगता गॅसवर भाकरी केली. तवा चांगला तापू दिला, पीठ गरम पाण्यात मळलं, दुसरी बाजू थेट आचेवर फुगवली. नवव्या दिवशी सांगितलं. घरात कुणाला फरक कळला नव्हता!

आता नव्या वस्तूबरोबर नवी काळजीही येते, तीही ऐका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो. म्हणून टाकी नेहमी उभी ठेवा आणि शेगडी टाकीपेक्षा उंच, ओट्यावर किंवा टेबलावर. खाली बसून स्वयंपाक करायची सवय इथं मोडावीच लागेल, गुडघ्यांनाही बरं पडतं. रात्री रेग्युलेटर बंद करा. नळी मऊ पडली, चिरली की लगेच बदला. तशी चांगली दिसत असली तरी पाच वर्षांनी बदलायचीच. वास आला तर दिव्याचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर येऊन १९०६ या नंबरवर फोन करा. तो नंबर टाकीच्या जवळच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

पाणी तापवायला कुणी विजेचा रॉड घेतला असेल, तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, आणि मुलांना त्या खोलीत एकटं सोडू नका. थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. त्या निखाऱ्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो. माणूस झोपेतच जातो.

आता काकूंचं सांगतो. काकू पंप नेमानं घेतात. खोकला कमी झाला, रात्रीची झोप लागते. पण भजनाला आता त्या चाल लावत नाहीत. एका ओळीतच श्वास संपतो. टाळ घेऊन बसतात, चाल दुसरी बाई लावते.

त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर होती, तेव्हा घरातली चूल बाहेर काढायला घरची पुरुष मंडळी टाळाटाळ करत होती. आज करू, उद्या करू. एका सकाळी काकूंनी स्वतःच पहार घेतली. दोन घाव घातले आणि दम लागून खाली बसल्या. म्हणाल्या, "माझं झालं ते झालं. तिच्या छातीत हे जायला नको." मग मुलगा उठला आणि त्यानं चूल काढली. आता तिथं ओटा आहे, आणि खोलीच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्यात. भिंत काळी पडली नाही की कळतं, धूर खरंच गेलाय.

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत तुम्हीही वहीचं मागचं पान काढा. चहा, डाळ, भाकरी, अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबवण, एकेक काम लिहा आणि समोर लिहा, गॅस की चूल, आणि चूल असेल तर आत की बाहेर. मग एकच काम निवडा आणि महिनाभरात ते घरातल्या धुरातून काढा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, चालताना दम लागत असेल, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी नाही विचारलं तरी आपणहून सांगा, की आम्ही चुलीवर स्वयंपाक करतो.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या गटाचा तक्ता आम्हाला कळवा.