युद्धाच्या छायेतील जहाजबांधणी

(व्याख्यानाचा संपादित अंश)



विशाखापट्टणमच्या बंदरालगत ‘सिंदिया’ नावाची एक वस्ती आहे. तेथील तेलुगू माणूस हे नाव सहज उच्चारतो. पण त्या नावाचे मूळ आपल्या सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यात आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेऊन नरोत्तम मोरारजी, सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. त्या वर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो.

परंतु जहाजे चालविणे वेगळे आणि बांधणे वेगळे. ज्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून इंग्रजांच्या आरमारासाठी युद्धनौका बांधल्या, त्याच देशाला विसाव्या शतकात व्यापारी जहाज परदेशातून आणावे लागत होते! वालचंदांना ही गोष्ट सलत होती. कलकत्त्याला मनाजोगी जागा मिळेना, तेव्हा त्यांनी विशाखापट्टणम निवडले. तेथील बंदर १९३३ साली खुले झाले होते.

दुसरे महायुद्ध पेटले होते. ब्रिटनची जहाजे पाणबुड्यांच्या माऱ्याने बुडत होती. एकेका जहाजाची निकड असताना, युद्धप्रयत्नांचा भाग म्हणून भारतात व्यापारी जहाजबांधणीस उत्तेजन देता येणार नाही, अशी सरकारची भूमिका होती. परकीय सत्तेचा हिशेब असा असतो. गरज तिची असली, तरी आपल्या हातात कौशल्य येणे तिला परवडत नाही. तरीही २१ जून १९४१ रोजी राजेंद्रबाबूंच्या हस्ते पायाभरणी झाली. त्या जागेला नाव मिळाले गांधीग्राम.

वर्ष पुरे होण्याआधीच, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. लोक घरेदारे सोडून गावाबाहेर पडले. कारखान्याचे काम विस्कळीत झाले. अशा वेळी मालक भांडवल आवरून घेतात, कामगार गावी परततात. येथे काम पुन्हा उभे राहिले, याचे श्रेय मी एकट्या वालचंदांना देणार नाही. भट्टीपाशी, लोखंडी पत्र्यांपाशी घाम गाळणाऱ्या फिटर, सुतार, लोहारांचेही ते आहे. त्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत.

१४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आठ हजार टनी ‘जल उषा’ पाण्यात उतरली. १९५२ साली हिंदुस्थान शिपयार्ड स्थापन होऊन दोन तृतीयांश मालकी सरकारकडे गेली. पुढच्याच वर्षी, ८ एप्रिलला वालचंद गेले. उरलेला हिस्साही १९६१ साली सरकारने घेतला. राष्ट्रीयीकरण योग्य की अयोग्य, हा वाद आज काढत नाही. एवढा अवाढव्य उद्योग सरकारी आधाराविना तगणे अवघड होते, हे मान्य केलेच पाहिजे.

२०१० साली हा कारखाना संरक्षण मंत्रालयाकडे आला. सिंदिया कंपनीची जहाजे आता समुद्रावर दिसत नाहीत आणि कारखान्याच्या दारावरूनही ते नाव केव्हाच गेले. वस्तीने मात्र ते ठेवले आहे. आपल्यापैकी कोणी सिंहाचलमच्या दर्शनाला जाईल, त्याने एक संध्याकाळ तिकडेही काढावी आणि तेथील जुन्या कामगार कुटुंबांशी बोलावे.