गिरण्या थांबल्या तेव्हा

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळचे भोंगे थांबले. पाटण, खटाव, शिराळ्याकडच्या अनेकांनी मुंबईतल्या गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, खानावळीच्या उधारीवर तग धरत नवं काम शोधलं. कुणी गावी परतले, कुणी मिळेल त्या मजुरीला लागले. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी हमालांसाठी दिलेल्या लढ्याचं मोल अशा वेळी कळतं. 1969च्या माथाडी कायद्यानं नोंदणीकृत हमालाची मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली. शिवाय भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी. माझ्या मते मंदीत हीच नोंद कष्टकऱ्याला सावरते. मुंबई-पुण्याला निघालेल्या तरुणांनो, मजुरी ठरवतानाच नोंदणीचंही विचारा.