ओल्या फडक्याने आम्हाला फसवलं

आजचा भाग जुन्या गाडीचा आहे. आणि थोडा माझ्या गाढवपणाचाही.

आमच्याकडे बाबांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, इंजिनवरच चालणारा छोटा फ्युएल पंप. सगळा साधा मामला. सेन्सर नाही, लॅपटॉप लावून बिघाड वाचायची सोय नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला एक खोड लागली. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की तासभर मस्त पळायची, आणि खंबाटकी घाट आला की आचके देत बंद! मग बाबा पंपावर ओलं फडकं टाकायचे. दहा मिनिटं थांबायचं, सेल्फ मारायचा, गाडी सुरू.

म्हणजे व्हेपर लॉकच, नाही का? उन्हाने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती वाफ नीट ओढता येत नाही. मेकॅनिकने पंप बदलला. फरक नाही. कार्ब्युरेटर साफ केला. फरक नाही. शेवटी बाबा म्हणाले, "विकून टाकू रे. भर उन्हात रस्त्यावर उभं राहणं आता माझ्याच्याने होत नाही." रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

मी म्हटलं, शनिवारी एकदा शेवटचं बघू. पण अंदाजाने नाही, क्रमाने.

सकाळी घरीच, इंजिन थंड असताना, कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडला. कॉइलची वायर काढली, म्हणजे ठिणगी नाही. बाबांनी सेल्फ मारला. बाटलीत पेट्रोलच्या जोरदार पिचकाऱ्या! पंप ठणठणीत. (हे गरम इंजिनवर करायचं नाही. पेट्रोल सांडलं तर आग लागते.)

मग सगळं जोडून घाट गाठला आणि गाडी बंद पडू दिली. कारण बिघाड हजर असतानाच तपासायला हवं. एअर फिल्टर काढला, बंद इंजिनवर थ्रॉटल हाताने ओढला. एरवी आत पेट्रोलची बारीक धार दिसते. इथे कोरडं. म्हणजे ठिणगीचा प्रश्न नाही, पेट्रोलच पोचत नाही. पंप तर चांगला. मग राहिलं काय? पंपाच्या मागचा पाइप आणि टाकी.

मी मागे गेलो, टाकीचं झाकण उघडलं. स्सूऽऽ! हवा आत शिरल्याचा आवाज. फडकं नाही, थांबणं नाही. दोन-तीनदा सेल्फ मारला, गाडी सुरू!

बघा, टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. आमच्या जुन्या झाकणाला त्यासाठी बारीक भोक होतं. नव्याला नव्हतं. त्यामुळे तासाभरात टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पंपाचा डायफ्राम तिच्यापुढे हरायचा. दहा मिनिटांत हवा कुठून तरी हळूहळू झिरपायची, आणि श्रेय मात्र फडक्याला!

ते नवं झाकण कुणी बसवलं होतं? मीच. सोसायटीत पेट्रोल चोरीला गेलं म्हणून कुलूपवालं आणलं होतं. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग इतके हसले की बाजूचा ट्रकवालाही थांबला.

तुमच्या बाइकच्या झाकणाचा हवेचा मार्गही धुळीने असाच तुंबू शकतो. गाडी चालता चालता गुदमरली तर आधी झाकण उघडून बघा. फुकट आहे. आणि टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइपही तपासा. त्याला चीर गेली तर पेट्रोल गळेलच असं नाही, पंप नुसती हवा ओढतो.

रविवारी गिऱ्हाइकाचा फोन आला. बाबांनीच उचलला. म्हणाले, "गाडी विकायची नाही. तिला काही झालंच नव्हतं."

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सांभाळून चालवा!