झिजलेला टायर जातो कुठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला उभी राहिले खरी, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण असे काही नाही. घरात घडले तेच सांगते.

आमची चूल रिक्षावर चालते हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. चैत्रात रिक्षाचे पुढचे चाक अगदी गुळगुळीत झाले, म्हणून नवा टायर घ्यावा लागला. जुना दारात पडला होता. तो पाहून माझी धाकटी, कॉलेजात जाते ती, म्हणाली, "आई, याच्यावरचं रबर गेलं कुठे?" मी म्हटले, "झिजलं." तर म्हणते, "झिजलं म्हणजे गेलं कुठे?"

खरेच की! सहाणेवर चंदनाचे खोड झिजते, तेव्हा गंध तरी हाती येते. टायरची भुकटी इतकी बारीक की डोळ्यांना दिसतही नाही. जगात दर माणशी वर्षाला सुमारे ८०० ग्रॅम अशी भुकटी पडते, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशात ती माणशी बरीच कमी. पण माणसे किती!

मग मुलीने अमेरिकेतली एक हकीकत वाचून दाखवली. तिकडे सिएटल शहराच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन मासे समुद्रातून अंडी घालायला येतात. लेक बाळंतपणाला माहेरी यावी तसे. पण मोठा पाऊस झाला की ते तोंड वासून गोल गोल फिरत आणि अंडी घालण्यापूर्वीच मरत. काही ओढ्यांत तर निम्म्याहून अधिक. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. कारण सापडले ते डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. हवेतल्या ओझोन वायूने रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये ६पीपीडी नावाचे एक द्रव्य घालतात. त्याच ओझोनशी मिळून त्याचे दुसरेच विष बनते, आणि पावसाबरोबर ते ओढ्यात उतरते. गंमत अशी की त्याच पाण्यात चम जातीच्या माशांना काही झाले नाही. म्हणून आपल्या गंगेतले मासे टायरनेच मरतात असे मी म्हणत नाही. तिथे सांडपाणी आहे, निर्माल्य आहे, आपले सगळ्यांचेच पाप आहे.

हे ऐकून आमचे हे रागावले. "म्हणजे मी रिक्षा चालवून मासे मारतो काय?" दोन दिवस धड बोलणे नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितले की चाकात हवा कमी असली, वरचेवर करकचून ब्रेक मारला, की टायर लवकर झिजतो. आता दर आठवड्याला हवा तपासतात. पैसेही वाचतात, हे मी मुद्दाम सांगते.

आपण साऱ्याजणी दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागले ते पाहायला धावतो. पण पुराच्या मोठ्या पाण्यात घाण पातळ होते. मृगाच्या पहिल्या सरीला गल्लीतून काळे पाणी वाघाडीत आणि तिथून गंगेत जाते, ते थोडे पण जहाल. ते पाहायला कोणी जात नाही.

त्याच अमेरिकेत रस्त्यावरचे पाणी वाळू आणि कंपोस्ट खताच्या थरातून गाळून त्यात ते मासे सोडले, तर ते जगले. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. तो ऐकल्यापासून मला चैन नाही. कारण मंडळाच्या अंगणात सगळीकडे फरशी घालण्याचा ठराव गेल्या वर्षी मीच मांडला होता. मंगळागौरीला चिखलाने साड्या खराब होतात म्हणून. त्याच अंगणात आपल्या रिक्षा नि स्कूटर उभ्या असतात, आणि उतार थेट गटाराकडे.

तेव्हा माझीच दुरुस्ती अशी की गटाराच्या कडेने दोन हात रुंद पट्टा मोकळा ठेवावा, त्यात वाळू व खत घालून कर्दळ लावावी, आणि अंगणातले पाणी त्यातूनच जाऊ द्यावे. त्या कडेला थोडा चिखल होईल, हे कबूल. ज्यांची हरकत असेल त्यांनी आजच बोलावे. फरशीवाला सोमवारी माप घ्यायला येणार आहे.