खेळ घेणारा माणूस : शिकागोच्या उद्यान खात्याची एक कथा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शिकागो हे नाव जैन समाजात उच्चारले की प्रथम स्मरण होते ते श्री. वीरचंद राघवजी गांधी यांचे. १८९३ च्या सप्टेंबरात त्या नगरीत सर्वधर्मपरिषद भरली. पूज्य आत्मारामजी महाराजांना आमंत्रण होते, परंतु साध्वाचारात समुद्रप्रवास बसत नाही, म्हणून महुव्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेल्या या एकोणतीस वर्षांच्या तरुणास पाठविण्यात आले. हा इतिहास येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती परिषद भरली, ते प्रदर्शन जॅक्सन पार्क नावाच्या सार्वजनिक उद्यानाच्या भूमीवर उभे होते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. आजचा विषय त्या उद्यानांचा आहे. अधिक नेमके सांगायचे तर, त्या उद्यानांत रोज संध्याकाळी उभे राहून लोकांचे खेळ घेणाऱ्या माणसांचा.

शिकागोने १८३७ मध्ये स्वीकारलेल्या बोधवाक्याचा अर्थच ‘उद्यानातील नगर’ असा आहे. १८६९ मध्ये कायदा होऊन उद्यानांसाठी तीन स्वतंत्र मंडळे स्थापन झाली. परंतु प्रारंभीची ती विशाल उद्याने म्हणजे सुखवस्तू लोकांनी घोडागाडीतून फेरफटका मारण्याच्या जागा होत्या. कारखान्यांत राबणारी, पोलंड, लिथुआनिया, बोहेमिया, आयर्लंड अशा देशांतून आलेली कुटुंबे ज्या दाटीवाटीच्या चाळवजा घरांत राहत, तेथून ती उद्याने दूर होती. त्यांची मुले रस्त्यावर, मालगाड्यांच्या रुळांवर खेळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जेन ॲडम्स या विदुषीने आपल्या ‘हल हाउस’ या सेवासंस्थेजवळ मुलांसाठी क्रीडांगण सुरू केले. पुढे १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या थोरवीपुढे हे लहानसे क्रीडांगण विस्मरणात जाते, पण नगरपालिकांनी मुलांच्या खेळाचा भार उचलावा ही कल्पना अशाच जागांतून वाढली.

१९०५ मध्ये दक्षिण विभागाच्या उद्यान मंडळाने एक धाडस केले. गरीब वस्त्यांच्या मधोमध लहान उद्याने तयार करून प्रत्येकात एक ‘फील्डहाउस’ म्हणजे खेळघर बांधले. त्यात स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी स्वतंत्र व्यायामशाळा, सभागृह, मंडळांच्या बैठकींसाठी खोल्या, आणि स्नानगृहे असत. काही ठिकाणी वाचनालयाची शाखाही असे. स्नानगृहांचे आज कोणास नवल वाटणार नाही, पण ज्या घरांत आंघोळीची सोयच नव्हती तेथील लोकांना आठवड्यातून एकदा गरम पाणी मिळणे हेच मोठे अप्रूप होते. यांतील ‘डेव्हिस स्क्वेअर’ हे खेळघर तर जनावरांच्या प्रचंड कत्तलखान्याला लागून असलेल्या वस्तीत उभे राहिले. जैन श्रोत्याला त्या वस्तीचा उल्लेखही ऐकवणार नाही. परंतु त्या व्यवसायात ढकलल्या गेलेल्या मजुरांची मुलेसुद्धा मुलेच होती, आणि दिवसातून दोन तास त्या दुर्गंधीतून उचलून त्यांना चेंडूमागे धावू देणे हाही दयेचाच एक प्रकार मानावा लागेल.

आता या विषयातील मर्माकडे वळू. इमारत बांधून मंडळ थांबले नाही. प्रत्येक खेळघरात पगारी व्यायामशिक्षक व शिक्षिका नेमण्यात आल्या. कोणत्या वयाच्या मुलांनी किती वाजता यायचे, मुलींसाठी वेळ कोणती, कारखान्यातून सुटलेल्या तरुणांसाठी रात्रीचा वर्ग कधी, पावसाळी दिवशी मैदानाऐवजी सभागृहात काय घ्यायचे, हे सर्व त्या माणसाने ठरवायचे. भांडण झाले तर सोडवायचे, आणि नेहमी कोपऱ्यात उभा राहणारा मुलगा हेरून त्याला खेळात ओढायचे. झोपाळे आणि घसरगुंड्या बसविल्या की क्रीडांगण झाले, असा समज तेव्हा होता आणि आजही आहे. प्रत्यक्षात देखरेखीविना सोडलेले मैदान चार दांडगट मुलांच्या ताब्यात जाते आणि बाकीची मुले घरी बसतात. १९०७ मध्ये अमेरिकेतील क्रीडांगण चळवळीचे पहिले अधिवेशन शिकागोलाच भरले, त्याचे कारण हेच, की ही माणसे आणि त्यांचे काम प्रत्यक्ष पाहावयास मिळत होते.

आपल्याकडे ट्रस्टचे अहवाल चाळले तर बांधकाम खाती दिलेली देणगी ठळक अक्षरांत छापलेली असते. संगमरवरी पाटीवर नाव कोरता येते. खेळ घेणाऱ्या माणसाच्या पगारावर नाव कोरता येत नाही, म्हणून त्या सदराखाली देणगीदार सापडत नाही. वर्षातून वीस-पंचवीस दिवस उघडणारी आणि एरवी कुलूपबंद राहणारी सभागृहे गावोगाव दिसतात, ती या हिशेबामुळेच.

शिकागोच्या उद्यानांची केवळ स्तुतीच करावी असेही नाही. १९१९ च्या २७ जुलै रोजी सरोवराच्या किनाऱ्यावर यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोहत असताना, गोऱ्यांनी ‘आपली’ मानलेल्या पाण्याच्या भागात वाहत गेला. त्याच्यावर दगड फेकण्यात आले आणि तो बुडून मेला. त्यानंतर उसळलेल्या दंग्यात ३८ माणसे मृत्युमुखी पडली. किनारा सार्वजनिक होता, पाण्यात कोठेही भिंत नव्हती. सीमा माणसांच्या मनात होती. पुढे नेमलेल्या आयोगाने १९२२ च्या अहवालात उद्याने व क्रीडांगणे यांचा स्वतंत्रपणे विचार केला. ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी लावणे आणि सर्वांना खरोखर आत घेणे यांत किती अंतर आहे, ते त्या शहराने फार महागात शिकले. १९३४ मध्ये लहानमोठी २२ उद्यान मंडळे एकत्र होऊन आजचे ‘शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट’ निर्माण झाले. खाते एक झाले, तरी बाहेर राहिलेली मुले अजून होतीच.

त्यांतलाच एक वर्ग असा होता की ज्याला बाहेर ठेवण्यास पाटीचीही गरज नव्हती, कारण घरचीच माणसे त्याला बाहेर आणत नसत. बुद्धीची वाढ मंद असलेली ही मुले. मराठीत कालपरवापर्यंत त्यांना ‘मतिमंद’ म्हणत. आता ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतात. शब्द सुधारला हे चांगलेच झाले. अमेरिकेतही त्या काळी अशा मुलांना बहुधा मोठ्या आश्रमांत ठेवीत किंवा घरातच दडवीत. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या भगिनी रोझमेरी यांच्यावर १९४१ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचे उर्वरित आयुष्य परावलंबी झाले. ही गोष्ट त्या कुटुंबाने अनेक वर्षे जगापासून लपविली. दुसऱ्या भगिनी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये ती लेखाद्वारे उघड केली आणि त्याच उन्हाळ्यात मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी शिबिर भरविले. धावणे, पोहणे, घोड्यावर बसणे असे सारे. ‘यांना हे जमणार नाही’ हे वाक्य किती पोकळ आहे, ते त्या आवारात दिसले.

केनेडी प्रतिष्ठानने मग नगरांच्या उद्यान खात्यांना साहाय्य देण्यास आरंभ केला. १९६५ च्या सुमारास शिकागोच्या निवडक शिक्षकांना सदर्न इलिनॉय विद्यापीठाचे डॉ. विल्यम फ्रीबर्ग यांच्याकडे प्रशिक्षण मिळाले. त्यांत ॲन मॅक्ग्लोन नावाची विशी नुकतीच ओलांडलेली एक शिक्षिका होती. पुढे ती ॲन बर्क या नावाने ओळखली गेली. वेस्ट पुलमन पार्कात ती अशा मुलांचे वर्ग घेऊ लागली.

तिच्या रोजच्या कामाची कल्पना करणे कठीण नाही. चेंडू झेलणे ही सामान्य मुलाच्या दृष्टीने एकच क्रिया. येथे तिचे दहा तुकडे करावे लागतात. प्रथम चेंडू जमिनीवरून गडगडत द्यायचा, मग एका टप्प्याचा, मग जवळून हातात, आणि प्रत्येक तुकडा पक्का होईपर्यंत पुढे जायचे नाही. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. महिनाभराने एखादा मुलगा चेंडू झेलतो आणि दारात उभ्या असलेल्या आईचे डोळे भरून येतात. उद्यान खात्याच्या तक्त्यात त्या दिवसाची नोंद ‘उपस्थिती अमुक’ एवढीच राहते.

या मुलांसाठी शहरपातळीवर धावण्याच्या शर्यती भरवाव्यात, अशी ॲनची कल्पना होती. प्रस्ताव घेऊन ती श्रीमती श्रायव्हर यांच्याकडे गेली. त्यांनी तो एका शहरापुरता न ठेवता देशभरासाठी वाढविण्यास सांगितले आणि प्रतिष्ठानतर्फे २५,००० डॉलर देऊ केले. उद्यान खात्याने आपली माणसे, आपली मैदाने, आपली यंत्रणा दिली. २० जुलै १९६८ रोजी ‘सोल्जर फील्ड’ या भव्य क्रीडागारात २६ राज्यांतून आणि कॅनडातून आलेले सुमारे एक हजार खेळाडू उतरले. श्रीमती श्रायव्हर यांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांची हत्या होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. दुःख बाजूस ठेवून त्या उपस्थित राहिल्या. प्रेक्षकांची आसने मात्र जवळजवळ ओस होती. एवढ्या मोठ्या शहरातून ही मुले धावताना पाहावीत असे फार थोड्यांना वाटले. ज्याला आज जग ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ म्हणून ओळखते आणि ज्यात १७० हून अधिक देश सामील आहेत, त्याचा पहिला दिवस हा असा, रिकाम्या बाकांसमोर पार पडला.

या स्पर्धांची रीत समजून घेण्यासारखी आहे. वय, स्त्री-पुरुष भेद आणि कुवत पाहून लहान लहान गट केले जातात. आधी प्राथमिक फेरी घेऊन प्रत्येकाची कामगिरी मोजतात, आणि जवळपास सारख्या गतीची मुले एका शर्यतीत ठेवतात. त्यामुळे शर्यत खरी होते. शेवटच्या पावलापर्यंत कोण जिंकेल ते सांगता येत नाही. कापडाच्या धंद्यातला माणूस हे चटकन ओळखील. गज सर्वांना एकच असतो, त्यात खोट चालत नाही. पण अंगरखा ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे बेततात. सर्वांना एकाच मापाचे शिवून ‘ज्याला बसला तो शहाणा’ म्हणणारा शिंपी फार दिवस टिकत नाही. आपल्या बहुतेक क्रीडास्पर्धा मात्र त्याच शिंप्याच्या दुकानासारख्या चालतात.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे प्राप्त आहे. एखाद्या घरी असे मूल जन्मले की आपल्या समाजात हळू आवाजात ‘पूर्वकर्म’ हा शब्द उच्चारला जातो. बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असतो, पण त्या मातेच्या काळजात तो सुरीसारखा जातो. परिणामी मूल आतल्या खोलीत राहते, लग्नकार्यात शेजाऱ्याकडे ठेवले जाते, आणि बहिणीच्या स्थळाची बोलणी चालू असताना तर त्याचा उल्लेखही होत नाही. कर्मसिद्धांत हा स्वतःच्या आचरणाची तपासणी करण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मुलाचा हिशेब मांडण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. उलट, प्रत्येक जीवाच्या ठायी अनंत ज्ञान, अनंत दर्शन आणि अनंत वीर्य आहे, केवळ आवरणाने ते झाकलेले आहे, हे आपलेच तत्त्वज्ञान सांगते. हे खरे मानणाऱ्याला मग त्या मुलाविषयी ‘याला काय जमणार’ असे म्हणता येणार नाही. पांजरापोळ चालवून मुक्या प्राण्यांना आयुष्यभर सांभाळणाऱ्या समाजाला हे अवघड जाऊ नये. मात्र पांजरापोळात सांभाळ पुरतो, मैदानात तो पुरत नाही. येथे मुलाला पडू द्यावे लागते, हरू द्यावे लागते, पुन्हा उठवावे लागते. दया करणाऱ्याला हे जड जाते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम नवे नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून, आणि पुण्यात कामायनी १९६४ पासून अशा मुलांसाठी झटत आहेत. ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही संस्थाही कार्यरत आहे. परंतु शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ आणि अठरा वर्षांनंतरचे आयुष्य, हे प्रश्न उरतातच. शाळा त्या वयानंतर मुलाला ठेवू शकत नाही. आईवडील थकत जातात. तिशीतला तो ‘मुलगा’ खिडकीशी बसून रस्ता पाहतो. त्याला शिकागोच्या खेळघरासारखी चालत जाण्याइतकी जवळ, रोज ठरल्या वेळी उघडणारी आणि नावाने हाक मारणारा माणूस असलेली एक जागा हवी असते. अशा जागेसाठी नवी इमारत लागत नाही. जे सभागृह सोमवार ते शुक्रवार बंद असते ते चालते. खर्च येतो तो एका प्रशिक्षित शिक्षकाच्या वेतनाचा, दोन मदतनिसांचा, थोड्या साहित्याचा आणि ने-आण करण्याच्या वाहनाचा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दहा-बारा मुले, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. ॲन मॅक्ग्लोनचा आरंभही एका उद्यानातल्या एका वर्गापासूनच झाला होता.

ती शिक्षिका पुढे कायदा शिकली, वकील झाली, २००६ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाली, २०१९ मध्ये तेथील मुख्य न्यायाधीशपदी पोहोचली आणि २०२२ मध्ये निवृत्त झाली. २०१८ च्या जुलैत, पहिल्या स्पर्धेला पन्नास वर्षे झाली म्हणून, सोल्जर फील्डजवळ एक स्मारक-ज्योत उभारण्यात आली. त्या ज्योतीचे छायाचित्र पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते. वेस्ट पुलमन पार्कातील खेळघराचे छायाचित्र फारसे कोठे दिसत नाही. शिकागोचे उद्यान खाते आज सहाशेहून अधिक उद्याने सांभाळते, आणि बौद्धिक दिव्यांग मुलांचे व प्रौढांचे खेळांचे वर्ग त्यांतल्या अनेक उद्यानांत शाळेच्या वेळेनंतर नियमाने भरतात.