पाकिटातलं पाकीट

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुळांविषयी बोला म्हटलं असतं तर मी तासभर बोललो असतो. डिप्लोमा झाल्यापासून तेच करतोय. पण सचिवांनी आमच्या घरी एक फाइल पाहिली आणि छंदावर बोलायचं फर्मान काढलं. ती फाइल आज सोबत आणली आहे. चहाच्या वेळी बघा, फक्त हात पुसून.

फाइलमध्ये चौदा कार्डं आहेत. 1983 चा विश्वचषक जिंकणारा आपला संघ चौदा जणांचा होता. तेरा कार्डांवर सह्या आहेत, एकावर नाही.

लॉर्ड्सवर 25 जूनला आपण 183 धावा करून वेस्ट इंडीजला 140 मध्ये गुंडाळलं, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला काहीही आठवत नाही. वेड लागलं 1993 साली, मिरजेला शाळेत असताना. संदीप पाटील ज्याचे संपादक होते त्या ‘एकच षटकार’चे जुने अंक रद्दीवाल्याकडे मिळायचे. त्यातले फोटो कापून ड्रॉइंग पेपरवर खळीनं चिकटवले आणि पोस्टकार्डाच्या मापाची कार्डं केली. अमेरिकेत अशी कार्डं छापील मिळतात. तिथल्या टॉप्स कंपनीचा 1952 चा बेसबॉलचा संच 407 कार्डांचा आहे, आणि अशा संचातल्या एकेका खेळाडूला कार्ड पाठवून सह्या जमवण्यात माणसं वर्षानुवर्षं घालवतात. माझी घरगुती चौदा.

आमचे नाना मिरजेला आर.एम.एस. मध्ये सॉर्टर होते. धावत्या गाडीच्या डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं खणांत टाकायची, हे त्यांचं काम. मी खेळाडूंना पत्रं लिहिणार म्हटल्यावर ते हसले नाहीत. आधी पिन कोड शिकवला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृत कवी! नाना हे सांगताना वेलणकर जणू आमच्याच वाड्यात राहतात अशा थाटात सांगायचे.

त्यांचा दुसरा नियम असा, की ज्याच्याकडे मागतोस त्याचा पैसा खर्च होता कामा नये. म्हणून मोठ्या पाकिटात कार्ड, ते दुमडू नये म्हणून पुठ्ठा, चार ओळींचं पत्र आणि आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं दुसरं, थोडं लहान पाकीट. हे आतलं पाकीट महत्त्वाचं. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं, त्यामुळे त्यावरचा पत्ता नाना लिहायचे. टाकाच्या वळणाचं अक्षर, शेवटी ‘मिरज 416410’ आणि खाली एक रेघ. म्हणजे सही कुणाचीही असो, पोस्टमन दारात टाकायचा ते पाकीट नानांच्या अक्षरातलं. लांबून ओळखू यायचं.

बारीकसारीक गोष्टी अनुभवानं कळल्या. गुळगुळीत फोटोवर बॉलपेन घसरतं, म्हणून खडूची पूड हलक्या हातानं चोळून झटकायची. सही आल्यावर कार्डाच्या मागून बोट फिरवायचं. पेनाचा दाब लागला तर हाताची सही, नाहीतर छापाची शंका घ्यायची. उत्तराला कुणी आठ दिवस लावले, कुणी दोन वर्षं. नावं सांगणार नाही. ॲडलेडच्या घरी बसून ब्रॅडमनसाहेब म्हातारपणीही रोज पत्रांचा ढीग उपसायचे, पण सगळ्यांनाच ते कसं जमावं?

नोकरीनिमित्त बेंगळुरूला आलो, निवृत्त झालेले नानाही आले. त्यांनी इथल्या पत्त्याची पाकिटं एका बैठकीत लिहून ठेवली. रॉजर बिन्नी आणि सय्यद किरमाणी तर याच गावचे. सहकारी म्हणायचे, अरे, समक्ष जाऊन सही घे. पण संच पोस्टानं म्हटल्यावर पोस्टानंच. गावातलं पत्र गावातच पोस्टानं पाठवणारा मी एकटाच मूर्ख असेन.

2012 पर्यंत तेरा झाले. राहिले यशपाल शर्मा. त्यांना पूर्वी पाठवलेलं पाकीट पत्ता चुकून परत आलं होतं, ती चूक माझीच. त्या विश्वचषकात वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात 89 आणि उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध 61 धावा त्यांच्या. लोकांना कपिलचे 175 आठवतात, आठवायलाच हवेत, पण यशपालचं कार्ड मला त्याहून जपून ठेवावंसं वाटायचं.

नवीन कार्ड केलं, पत्र लिहिलं, पाच रुपयांचं तिकीट लावलं. टाकायचं तेवढं राहिलं. 2014 साली नाना गेले आणि लक्षात आलं, की त्यांच्या अक्षरातलं हे एकच पाकीट उरलंय. उत्तर आलं नाही तर तेही जाणार. दुसऱ्या पाकिटावर मी स्वतः पत्ता लिहू शकलो असतो. सुचलं नाही असं नाही. दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. अशी सात वर्षं काढली.

13 जुलै 2021 ला ब्लॉक घेऊन काम चालू होतं, तेव्हा मोबाइलवर बातमी आली. यशपाल शर्मा हृदयविकारानं गेले, वय 66. त्या चौदांतले ते पहिले गेले. मी गँगला चहा सांगितला आणि थोडा वेळ रुळाच्या कडेला बसलो.

आमची मुलगी म्हणते, ‘बाबा, सही केलेला फोटो विकत मिळतो.’ मिळतो. घेतला नाही. कार्ड कोरंच ठेवलंय, त्याच्या मागे ते पाकीट.

गेल्या नोव्हेंबरात, 2 तारखेला, नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. स्मृती मानधना आमच्या सांगलीची, त्यामुळे घरात दोन दिवस दिवाळीच. मुलीनं आता त्या संघाची कार्डं करायला घेतली आहेत. संघ पंधरांचा, पण प्रतिका रावल जखमी होऊन शेफाली वर्मा आली, म्हणून संच सोळांचाच करायचा असा तिचा हट्ट आहे, आणि तो मला पटतो.

तिचं अक्षर माझ्यावर गेलंय. आतल्या पाकिटांवर पत्ते मीच लिहितो, अगदी सावकाश, 560 नीट सुटं काढून. पहिली चार पाकिटं गेल्या सोमवारी पेटीत टाकली.